डोक्यावरच्या तारा, हातातली गोळी

ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख, काढण्यातच माझी सगळी नोकरी झाली. सुरुवातीची यंत्रे कागदावर शाईच्या रेघा ओढायची. निवृत्त झाले तेव्हा सगळे संगणकावर आले होते. आमच्या खोलीत येणारे बहुतेक पेशंट फिट्सचे असत. पुढे मानसोपचार विभागाच्या संशोधनासाठी नैराश्याच्या पेशंटांची रेकॉर्डिंग्जही मी केली. डॉक्टरांना एकच गोष्ट हवी होती: गोळी सुरू करण्याआधी मेंदूच्या लहरी मोजून ती गोळी या माणसाला लागू पडेल की नाही, हे सांगता येते का? आता ईईजीवरूनच केलेल्या ‘ब्रेन मॅपिंग’च्या जाहिराती गल्लीबोळात पोचल्या आहेत आणि ओळखीचे लोक फोन करून विचारतात, करून घेऊ का? फोनवर तुकड्यातुकड्याने सांगते ते इथे सलग लिहिते आहे.

१. हा प्रश्न चैनीचा नाही.

तापाची गोळी लागू पडली की नाही ते तासाभरात कळते. नैराश्यावरच्या गोळीचे तसे नाही. मळमळ, तोंडाला कोरड, कधी उलट जास्तच अस्वस्थता, हे सगळे आधी येते. मन हलके व्हायला दोन ते चार आठवडे लागतात आणि पुरता अंदाज यायला सहा-आठ. एवढे थांबूनही फरक पडला नाही, तर दुसरी गोळी आणि पुन्हा तेवढीच वाट. अमेरिकेत २००१ मध्ये स्टार-डी नावाचा मोठा अभ्यास सुरू झाला. चार हजारांहून जास्त पेशंट त्यात होते आणि सगळ्यांना पहिली गोळी एकच दिली, सिटॅलोप्रॅम. आजार पूर्ण ओसरला असे फार तर एक-तृतीयांश पेशंटांबद्दल म्हणता आले. उरलेल्यांना दुसरी, तिसरी, चौथी पायरी होती, आणि प्रत्येक पायरीवर काही जण उपचारच सोडून गेले.

बार्शीकडून एक प्राथमिक शिक्षिका यायच्या. वर्षभरात त्यांची तिसरी गोळी चालू होती. बिनपगारी रजा, मुलीची दहावी, घरात सगळ्यांचे ‘मनाला लावून घेऊ नकोस’. त्यांचे मिस्टर माझ्या टेबलापाशी उभे राहून म्हणाले, “ताई, हे आधी कळलं असतं तर तिचं वर्ष वाचलं असतं.” या संशोधनाचा हेतू मी पुष्कळ भाषणांत ऐकला; इतका नेमका कुणी सांगितला नाही. म्हणून पुढे मी जी सावधगिरी सांगणार आहे, ती या कामाला कमी लेखण्यासाठी नाही. हे काम व्हायलाच हवे, आणि ते नीट व्हायला हवे.

२. यंत्राला मेंदूच्या आधी तेल, घाम आणि पापण्या दिसतात.

मेंदूतली वीज कवटी आणि कातडी ओलांडून तारेपर्यंत पोचते तेव्हा ती साधारण दहा ते शंभर मायक्रोव्होल्ट उरते. दहा मायक्रोव्होल्ट म्हणजे एका व्होल्टचा लाखावा भाग. पापणी लवली तरी याहून मोठी लाट उमटते. दात आवळले की कानशिलाजवळच्या तारांवर दाट, काळी रेघ येते, आणि चिंतेने ग्रासलेला माणूस दात आवळूनच बसलेला असतो. त्याला ते ठाऊकही नसते.

आमच्याकडे चिठ्ठीवर लिहून द्यावे लागे: आदल्या दिवशी डोके धुवा, तेल लावू नका. तरी दवाखान्यात जायचे म्हणून चापूनचोपून तेल लावून येणारे असतच. मग स्पिरिटच्या बोळ्याने कातडी पुसायची, नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत फीत धरून मोजायचे, खुणा करायच्या, पेस्ट लावून एकेक इलेक्ट्रोड बसवायचा. तार बोटभर सरकली तर ती दुसऱ्याच जागेची लहर सांगते. हे काम घाईने होत नाही. ओपीडीच्या रांगेत घाई करायचा मोह फार होतो.

नैराश्याच्या पेशंटची खास अडचण झोपेची. कित्येक रात्री डोळ्याला डोळा लागलेला नसतो. शांत खोली, मऊ खुर्ची, वर आपण सांगतो डोळे मिटा. काही मिनिटांत माणूस पेंगायला लागतो. पेंग आली की अल्फा लहरी विरतात आणि थीटा वाढतात. अडचण अशी की या संशोधनात नेमकी थीटाच मोजायची असते. मग हलक्या आवाजात म्हणत राहायचे, “काकू, डोळे मिटलेलेच असू द्या, पण झोपू नका हं.” पेंग आली ती मिनिटे खूण करून बाजूला काढायची.

दुसरी अडचण क्लोनाझेपामची. झोपेसाठी घेतलेल्या अशा गोळ्यांनी वेगवान बीटा लहरी वाढतात. ‘कुठले औषध चालू आहे का?’ असे विचारले तर पेशंट ‘नाही’ म्हणतो, कारण त्याच्या हिशेबी ती ‘नुसती झोपेची’ असते. मी फॉर्मवर प्रश्न बदलून घेतला: काल रात्री तोंडात काय काय टाकले? त्याने खरी उत्तरे यायला लागली. चहा, तंबाखू, मिश्रीसुद्धा कळायची.

रिपोर्टवरचे लाल-निळे चित्र कितीही देखणे असो, ज्या रेकॉर्डिंगवरून ते निघाले त्या वेळी माणूस जागा होता का, हे आधी विचारावे.

३. ‘बरा होईल’ आणि ‘या गोळीने बरा होईल’ ही दोन वेगळी भाकिते आहेत.

या विषयातले मला सगळ्यांत मोलाचे वाटते ते हे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मेंदूच्या दोन अर्ध्या भागांच्या आतल्या बाजूने सिंग्युलेट नावाचा पट्टा जातो. १९९७ मध्ये हेलन मेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेट स्कॅनवर दाखवले की उपचारांआधी ज्यांच्या या पट्ट्याच्या पुढच्या भागाची सक्रियता जास्त होती ते पुढे सुधारले. ज्यांची कमी होती ते सुधारले नाहीत. पेट स्कॅन महाग आणि त्यात किरणोत्सारी द्रव्य टोचावे लागते. २००१ मध्ये दिएगो पिझ्झागाली यांच्या गटाने तीच जागा ईईजीच्या थीटा लहरींवरून गाठली. नॉर्ट्रिप्टिलीन घेणाऱ्यांमध्ये ज्यांच्या त्या भागात थीटा जास्त होती, त्यांना जास्त आराम पडला. साध्या तारांनी हे दिसते, म्हणून आमच्यासारख्यांच्या खोल्यांना एकदम महत्त्व आले.

पण या सुरुवातीच्या अभ्यासांत प्लासिबोचा, म्हणजे औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांचा, गट नव्हता. गोळी घेतली आणि बरे वाटले, एवढेच दिसले. गोळीमुळे बरे वाटले की हा माणूस तसाही बरा होणार होता, हे त्यावरून ठरत नाही. मग अमेरिकेत चार केंद्रांवर एम्बार्क नावाचा अभ्यास झाला. २९६ पेशंटांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटून काहींना सर्ट्रालीन, काहींना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी, आठ आठवडे. २०१८ मध्ये पिझ्झागाली यांनीच त्यातले ईईजी तपासून निकाल छापला: थीटा जास्त असलेले जास्त सुधारले, पण दोन्ही गटांत. सर्ट्रालीन घेणारेही आणि प्लासिबो घेणारेही.

म्हणजे खूण खरी होती. तिने डॉक्टरांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र दिले नाही. या माणसात सावरण्याची ताकद आहे, एवढे ती सांगत होती. कुठली गोळी द्यावी ते सांगत नव्हती. आपल्याच सतरा वर्षांपूर्वीच्या आशादायक शोधाला अशी कठोर परीक्षा लावून जे निघाले ते जसेच्या तसे छापणाऱ्या माणसाबद्दल मला आदर वाटतो. पुढे २०२० मध्ये त्याच अभ्यासातल्या ईईजीवर संगणकाला शिकवून, प्लासिबोपासून वेगळा असा फक्त सर्ट्रालीनपुरता अंदाज काढता येतो, असे अमित एट्किन आणि मधुकर त्रिवेदी यांच्या गटांनी मांडले. दार उघडे आहे. पण कुणी ‘आमची चाचणी औषधाचा गुण सांगते’ म्हणाले, की पहिला प्रश्न विचारायचा: प्लासिबो घेणाऱ्यांमध्ये काय दिसले?

४. टक्केवारी ऐकली की शंभर माणसे समोर उभी करावीत.

२०१९ मध्ये अलिक विज आणि सहकाऱ्यांनी नैराश्यातल्या उपचारांचा ईईजीवरून अंदाज बांधणारे ७६ शोधनिबंध एकत्र तपासले. सगळ्यांची सरासरी अशी निघाली: ज्यांना गुण येणार होता त्यांपैकी ७२ टक्के बरोबर ओळखले गेले, ज्यांना येणार नव्हता त्यांपैकी ६८ टक्के. ऐकायला बरे वाटते.

आता शंभर पेशंट घ्या आणि गोळी त्यातल्या पन्नासांना लागू पडते असे धरा. त्या पन्नासांपैकी ३६ जणांना यंत्र ‘लागू पडेल’ म्हणेल, १४ जणांना ‘नाही’ म्हणेल. उरलेल्या पन्नासांपैकी ३४ जणांना बरोबर ‘नाही’ म्हणेल, १६ जणांना उगाच आशा लावेल. म्हणजे ‘नाही’ असा शिक्का बसलेल्या ४८ जणांत १४ जण असे, की ज्यांना ती गोळी दिली असती तर ते बरे झाले असते. त्यांची गोळी आपण रंगीत कागद पाहून काढून घेतली.

शिवाय त्याच पाहणीत असेही आढळले की छोटे आणि चांगला निकाल आलेले अभ्यास जास्त छापले गेले आहेत. खरी अचूकता याहूनही कमी असणार. उपचार ठरवण्यासाठी ही चाचणी वापरू नये, असा त्यांचा स्पष्ट निर्वाळा होता.

५. जुन्या माणसांवर जुळलेले गणित नव्या माणसांवर जुळवून दाखवावे लागते.

संगणकाला पुरेशी माहिती दिली की तो कुठलाही नमुना शोधून देतो. २०१७ मध्ये मेंदूच्या एमआरआयवरून नैराश्याचे चार प्रकार पडतात असा शोध नामवंत नियतकालिकात आला आणि गाजला. २०१९ मध्ये रिचर्ड डिंगा आणि सहकाऱ्यांनी तीच रीत वेगळ्या पेशंटांवर वापरली, तेव्हा ते प्रकार तसे ठामपणे उभे राहिले नाहीत. २०२४ च्या जानेवारीत ‘सायन्स’मध्ये स्किझोफ्रेनियाच्या औषधांबद्दलचा अभ्यास आला: ज्या चाचणीतल्या पेशंटांवर मॉडेल शिकले, तिथे त्याचा अंदाज छान, दुसऱ्या चाचणीतल्या पेशंटांवर तो नाणेफेकीपेक्षा बरा नव्हता. आजार वेगळा असला तरी धडा आपल्यालाही लागू आहे.

मशीन वेगळे, पेशंटने आधी घेतलेली औषधे वेगळी, खाण्याझोपण्याच्या वेळा वेगळ्या. डॅलस किंवा न्यूयॉर्कच्या पेशंटांवर शिकलेले गणित सोलापूरच्या पेशंटला लावायचे, तर आधी सोलापूरसारख्या ठिकाणी ते तपासून दाखवावे. ही मागणी मी हट्टाने करते.

६. पर्याय दोन गोळ्यांतलाच असतो असे नाही.

मेबर्ग यांच्याच गटाने २०१३ मध्ये एमरी विद्यापीठातून एक सुंदर निष्कर्ष मांडला. मेंदूच्या उजव्या बाजूच्या इन्सुला नावाच्या भागाची सक्रियता कमी असेल तर संवादातून केलेली उपचारपद्धती, म्हणजे सीबीटी, जास्त उपयोगी पडली. सक्रियता जास्त असेल तर एस्सिटॅलोप्रॅमची गोळी. डॉक्टरांना हवा असतो तो असाच प्रश्न, हे की ते? अडचण एवढीच की निष्कर्ष चाळीसहून कमी पेशंटांवर बेतलेला होता, त्यामुळे त्यावर कुणाचा उपचार ठरवता येत नाही.

आपल्याकडे याची दुसरी बाजू गोव्याने दाखवली. तिथल्या सरकारी दवाखान्यांत येणाऱ्या साध्या बाह्यरुग्णांवर २००३ मध्ये फ्लुओक्सेटीनची प्लासिबोशी तुलना झाली आणि दोन महिन्यांनी गोळीचा फायदा दिसला. नंतर २०१७ मध्ये ‘संगथ’ संस्थेने, मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांकडून प्राथमिक आरोग्य केंद्रांत सहा ते आठ भेटींचा कार्यक्रम करून पाहिला. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के पेशंट आजाराबाहेर आले होते. फक्त नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी ३९ टक्के. हा फरक निव्वळ बोलण्याने, घरी येऊन बसण्याने, रोज एक छोटे काम ठरवून करण्याने. भोपाळमध्ये त्यांनीच पुढचा अभ्यास हाती घेतला आहे: कुणाला फ्लुओक्सेटीन जास्त लागू पडते आणि कुणाला हा संवाद, हे आधी सांगता येईल का? मला या विषयातली सर्वांत जवळची आशा इथे दिसते. ती आपल्या भाषा बोलणाऱ्या, आपल्यासारख्या दवाखान्यांत येणाऱ्या लोकांवर तपासली जाते आहे.

७. पहिले दोन आठवडे वाया घालवू नका.

कुठल्याही तारेविना, फुकटात आणि प्रत्येक तालुक्यात घेता येईल असे एक मोजमाप आहे, आणि त्याकडेच सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होते. गोळी सुरू केल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत थोडासा तरी, म्हणजे लक्षणांत सुमारे २० टक्के, फरक पडला का? २००९ मध्ये साडेसहा हजारांहून जास्त पेशंटांची माहिती एकत्र करून दाखवले गेले की एवढाही फरक ज्यांना पडला नाही, त्यांच्यातले फार थोडे त्या गोळीवर पुढे टिकून बरे झाले.

यासाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची यादी पुरते. ती मराठीत मिळते. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटला का, झोप कशी होती, भूक कशी होती, स्वतःविषयी वाईट वाटले का, असे प्रश्न आणि ० ते २७ गुण. मी नातेवाइकांना सांगायची, गोळी सुरू करायच्या दिवशी हे गुण लिहून ठेवा, चौदा दिवसांनी पुन्हा लिहा आणि दोन्ही कागद डॉक्टरांपुढे ठेवा. ‘कसं वाटतंय?’ ‘बरं आहे’ या दोन वाक्यांवर जिथे तपासण्या संपतात, तिथे हे दोन कागद डॉक्टरांचा हात धरतात. डोस वाढवायचा, गोळी बदलायची की अजून थांबायचे, हे त्यांनी ठरवावे. आपण मनाने गोळी बंद करू नये. अचानक बंद केल्याने चक्कर, चिडचिड, झोपमोड असे त्रास होतात.

दुसरेही लक्षात ठेवावे. २५ वर्षांखालच्या मुलामुलींवर पहिल्या काही आठवड्यांत जास्त नजर हवी, कारण त्या काळात अस्वस्थता आणि जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार वाढू शकतात. घरात कुणाला कधी अतिउत्साहाचा, रात्ररात्र न झोपता बडबडीचा, भरमसाट खर्चाचा काळ आला असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे. त्यावरून उपचाराची दिशा बदलते. आणि थायरॉइडची साधी रक्ततपासणी राहून गेलेली असते, ती करून घ्यावी.

८. ईईजी नॉर्मल आला म्हणजे दुःख खोटे ठरत नाही.

नेहमीचा ईईजी फिट्ससाठी पाहतात. नैराश्यात तो बहुधा नॉर्मलच येतो. ‘नॉर्मल’ हा शब्द वाचून सासर-माहेरची माणसे त्या बाईकडे कशी बघतात, ते मी फार वेळा पाहिले आहे. “मशीननं सांगितलं, काही नाही झालंय तुला.” मग ती आणखी गप्प होते. एका मुलीने तारा काढताना मला विचारले होते, “ताई, यात माझं दुःख दिसतं का?” मी तिला सांगितले, यात दिसत नाही, पण तू सांगतेस ते मला दिसतंय, आणि ते मी डॉक्टरांना लिहून देते.

ईईजीचा शोध लावणारे हान्स बर्गर मानसोपचारतज्ज्ञच होते. जर्मनीतल्या येना इथे १९२४ मध्ये त्यांनी माणसाच्या मेंदूची पहिली लहर टिपली, १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली, आणि १९४१ मध्ये नैराश्याने घेरलेले असतानाच आयुष्य संपवले. त्यांचे यंत्र मी आयुष्यभर वापरले. नैराश्य कुणाला होते आणि कुणाला नाही, याबद्दल कुणी हुशारी सांगू लागले की मला हे आठवते.

९. पैसे भरण्याआधी विचारा.

ही चाचणी कुठल्या पेशंटांवर तपासली? त्यात प्लासिबोचा गट होता का? वेगळ्या केंद्रात तोच निकाल पुन्हा आला का? रिपोर्ट ‘नाही’ म्हणाला तर माझ्या उपचारात नेमके काय बदलणार? उत्तरे मिळाली नाहीत, तर ते पैसे प्रवासाला, फॉलोअपला आणि तीन महिन्यांच्या गोळ्यांना ठेवा. मात्र एखाद्या सरकारी किंवा शैक्षणिक रुग्णालयात संशोधनासाठी, पैसे न घेता, लेखी संमती घेऊन ईईजी काढणार असतील, तर जरूर जा. आपल्या माणसांची रेकॉर्डिंग्ज नसतील, तर उद्याचे गणितही दुसऱ्याच माणसांसाठी बनेल. जाताना डोके धुऊन, तेल न लावता आणि चालू गोळ्यांची सगळी पाकिटे घेऊन जा.

आणि घरात कुणी कित्येक दिवस उठून बसत नसेल, जगण्यात राम नाही म्हणत असेल, तर कुठल्याही चाचणीसाठी थांबू नका. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, तो मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.